‘जोकर’च्या नावाखाली पसरवलेली भीती

गेल्या रविवारी सांगलीच्या विश्रामबागेत आत्याकडे गेलो तेव्हा गोळ्यांच्या पाकिटातले सात कप्पे रिकामे असायला हवे होते; प्रत्यक्षात तीनच होते. माझा आतेभाऊ सहा वर्षांपासून मानसोपचारतज्ज्ञांची औषधे घेतो आणि नोकरीही व्यवस्थित करतो. त्याच्या चार दिवस आधी मेव्हण्यांनी आमच्या ‘पैपाहुणे’ गटावर ‘जोकर’ या इंग्रजी चित्रपटाविषयी एक लांबलचक संदेश पाठवला होता. आत्याने तो दोनदा वाचला आणि गोळ्या कपाटात ठेवून दिल्या. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: हा चित्रपट पाहताना अमेरिकेत बारा प्रेक्षक मारले गेले, जोकर रंगवणारा नट भूमिकेपायी वेडा होऊन मेला, जगाने हा चित्रपट नाकारला, आणि मेंदूच्या गोळ्या खाणारी, विनाकारण हसणारी माणसे शेवटी अशीच खुनी होतात, म्हणून त्यांच्यापासून सावध राहावे.

नाकारल्याची गोष्ट एका वाक्यात संपते. २०१९ साली या चित्रपटाला व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला, पुढे दोन ऑस्कर मिळाले आणि जगभरातून त्याने शंभर कोटी डॉलरांहून अधिक कमाई केली.

बारा माणसे मारली गेली हे खरे आहे, पण ती हा चित्रपट पाहताना नव्हे. कोलोरॅडोतील ऑरोरा येथे २० जुलै २०१२ रोजी तो गोळीबार झाला, तेव्हा पडद्यावर जोकरचा शत्रू बॅटमन याचा वेगळाच चित्रपट चालू होता, ज्यात जोकर हे पात्रच नाही. आणि ‘जोकर’ त्यानंतर सात वर्षांनी आला. हल्लेखोराने केस लालसर नारिंगी रंगवले होते आणि त्याला जोकर ठरवले गेले. जोकरचे केस हिरवे असतात, हे लहान मुलालाही ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र मान्य करतो. २०१९ साली अमेरिकेत धास्ती खरोखरच होती, तिथल्या लष्कराने सैनिकांना सावधगिरीची सूचना दिली होती आणि काही प्रेक्षक अस्वस्थ होऊन मध्येच उठून गेले होते. परंतु ऑरोरातील मृतांच्या नातेवाइकांनी निर्मात्या कंपनीला जे पत्र लिहिले, त्यात चित्रपटावर बंदीची मागणी नव्हती. बंदुकींच्या हिंसेविरुद्ध काम करणाऱ्यांना मदत करा, असे त्यांचे म्हणणे होते. ज्यांची माणसे गेली त्यांना जो फरक कळतो, तो आमच्या गटाला कळू नये?

नाटक-सिनेमा पाहून लोक बिथरतील, ही भीती सांगलीला नवी नाही. इथल्याच खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर इंग्रज सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, ती प्रेक्षकांना कीचकात कर्झन दिसत होता म्हणून. प्रेक्षक पाहिलेल्याचा अर्थ लावतो, एवढे त्या सरकारलाही कळत होते.

नटाची गोष्ट तर दोन माणसांची मोट बांधून रचलेली आहे. २०१९ च्या चित्रपटातला नट वाकीन फीनिक्स हयात आहे. २२ जानेवारी २००८ रोजी वारला तो बॅटमनच्या आधीच्या एका चित्रपटात जोकर रंगवणारा हीथ लेजर, आणि न्यूयॉर्कच्या वैद्यकीय परीक्षकांनी त्याच्या मृत्यूचे कारण सहा औषधांचा एकत्रित परिणाम असे देऊन तो अपघात ठरवला. तोवर त्याचे जोकरचे चित्रीकरण संपलेले होते आणि तो दुसऱ्या चित्रपटात काम करत होता.

आता गोळ्या आणि हसणे. चित्रपटात पुढे जोकर होणारा नायक आर्थर बसमध्ये एका बाईला कार्ड देतो. आपले हसू आजारामुळे येते, मनातल्या भावनेशी त्याचा संबंध नसतो, असे त्यावर लिहिलेले असते. डोक्याला मार लागल्यावर किंवा पक्षाघातानंतर असे अनावर हसू येऊ शकते. तो मेंदूचा विकार आहे, खुनाची पूर्वसूचना नव्हे. आर्थरची औषधे आणि समुपदेशन बंद होते ते शहराने पैसे तोडल्यामुळे. गोळ्या सोडल्यावर आपल्याला बरे वाटते, असे तो पुढे म्हणतो आणि चित्रपट त्याला तिथे खोडत नाही, ही उणीव मला खटकते. काही डॉक्टरांनीही चित्रपटातल्या मानसिक आजाराच्या चित्रणावर आक्षेप घेतले आहेत. पण म्हणून गोळ्यांनी माणूस खुनी होतो, हे कुठून आले? मानसिक आजार असलेली बहुसंख्य माणसे कोणावर हात उगारत नाहीत, उलट मार खाण्याची वेळ त्यांच्यावरच अधिक येते. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांबाहेर असल्याचे आढळले. आमच्या घरातला एक माणूस उपचारांत टिकून होता, आणि त्याला बाहेर काढायला एक संदेश पुरला.

त्या दुपारी दूरदर्शन संचावर विनोदी कार्यक्रम चालू होता. आतेभाऊ मोठ्याने हसला, आत्याने स्वयंपाकघरातून डोकावून पाहिले आणि त्याने लगेच हाताने तोंड झाकले. सहा वर्षांत मी त्याला असे करताना पाहिले नव्हते.

सोमवारी त्याला मिरजेला डॉक्टरांकडे नेले. त्यांच्या सल्ल्याने गोळ्या पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि पाकीट चहा-साखरेच्या डब्यांशेजारी पूर्वीच्या जागी परतले आहे. वरचे सगळे मुद्दे मी गटावरही लिहिले. मेव्हण्यांचे उत्तर आले, “आम्हाला आला तसा पुढे पाठवला.” संदेश त्यांनी अजून काढलेला नाही.