हॅलोविनला उगाच झोडपू नका

ऑक्टोबर संपत आला की व्हॉट्सॲपवर तेच दोन फॉरवर्ड फिरायला लागतात. एकात हॅलोविन हे अमेरिकन चॉकलेटवाल्यांनी काढलेलं खूळ असतं, दुसऱ्यात नरबळी देणाऱ्या ड्रुइड नावाच्या प्राचीन पुजाऱ्यांची सैतानपूजा. मला दोन्हींचा राग येतो. आयर्लंडच्या खेड्यापाड्यांनी जपलेली इतकी देखणी परंपरा आहे ही, आणि तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही.

तिथे १ नोव्हेंबरला हिवाळा लागायचा. उन्हाळी कुरणांवरची गुरं तोवर घरी आणलेली असायची आणि आदल्या संध्याकाळपासून, म्हणजे आजच्या हॅलोविनच्या रात्रीपासून, 'साविन' हा सण सुरू व्हायचा. ड्रुइडांनी स्वतः काहीच लिहून ठेवलेलं नाही. साविनबद्दल जे हाती आहे ते बहुतेक मध्ययुगात ख्रिस्ती मठांतल्या लेखनिकांनी उतरवलेल्या कथांमधून. म्हणून दोन हजार वर्षांपूर्वी त्या रात्री अमुक विधी व्हायचा असं कुणी छातीठोकपणे सांगितलं, की मी पुढचं वाचत नाही.

पण त्या कथा मात्र वाचाच! साविनच्या रात्री टेकड्यांच्या पोटातलं अद्भुत जग उघडतं. तिथला आलेन नावाचा मायावी दरवर्षी तारा इथल्या आयरिश राजांच्या राजवाड्यावर येतो आणि असं वाद्य वाजवतो की पहारेकऱ्यांसकट सगळे गाढ झोपतात. मग तोंडातून आग ओकून तो राजवाडा जाळतो. शेवटी आयरिश दंतकथांतला वीर फिन, तेव्हा कोवळ्या वयाचा, पहाऱ्याला उभा राहतो. डोळा लागू नये म्हणून जादूच्या भाल्याचं टोक स्वतःच्या कपाळाला टेकवून ठेवतो, आणि आलेनला ठार करतो.

पुढे चर्चने १ नोव्हेंबर सर्व संतांना दिला, २ नोव्हेंबर मृतात्म्यांना. त्या रात्री घरातले गेलेले परत येतात म्हणून आयरिश घरांत चूल पेटती ठेवत, दाराला कडी लावत नसत. पितृपक्षात पान वाढणाऱ्यांना यात परकं काय वाटावं? इंग्लंडमध्ये गरीब माणसं दारोदार जात, घरच्या मृतांसाठी प्रार्थना करत आणि त्याबदल्यात छोटे केक घेत. स्कॉटलंड-आयर्लंडमधली पोरं सोंगं घेऊन फिरत, गाणं किंवा नक्कल करून खाऊ मिळवत. 'ट्रिक ऑर ट्रीट' (खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू) ही आरोळी त्यामानाने अगदी अलीकडची, विसाव्या शतकातली, उत्तर अमेरिकेतली.

कोरून कंदील केलेला भोपळाही अमेरिकेतलाच. आयर्लंडमध्ये सलगम कोरत. सलगम टणक, आतून पोखरताना हात भरून येतात, आणि वाळलं की त्याचा चेहरा सुरकुततो. मेयो परगण्यात कॅसलबारजवळच्या टर्लो पार्कमधल्या राष्ट्रीय संग्रहालयात अशा एका कंदिलाचा प्लॅस्टरचा साचा आहे. त्याचे दात आणि खोल गेलेले डोळे बघा, दुकानातला हसरा भोपळा त्यापुढे अगदीच गोंडस वाटतो. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात लाखो आयरिश लोक अमेरिकेला गेले, त्यांच्यासोबत हा सणही गेला. कोरायला सोपा असलेला मोठा भोपळा तिथे मुबलक होता.

घरात मनुका घातलेला बार्मब्रॅक नावाचा गोड पाव कापायचे. ज्याच्या तुकड्यात अंगठी निघेल त्याचं वर्षभरात लग्न, नाणं निघालं तर पैसा, चिंधी निघाली तर गरिबी. आयर्लंडमध्ये अजूनही ऑक्टोबरात अंगठी घातलेला हा पाव विकत मिळतो.

आणि या आयरिश चालीरीती म्हणजे व्हॉट्सॲपवरच्या बाता नाहीत. १९३७ ते १९३९ या काळात आयर्लंडमधल्या सुमारे ५०,००० शाळकरी मुलांनी आपल्या आजी-आजोबांना, शेजाऱ्यांना विचारून अशा गोष्टी वह्यांत उतरवल्या. तो संग्रह आज इंटरनेटवर फुकट वाचता येतो, त्या मुलांच्या हस्ताक्षरात. पुढच्या वेळी ग्रुपवर सैतानपूजेचा मेसेज आला की त्याखाली मी त्याचीच लिंक टाकणार आहे.