पोरगं आजारी आणि गणपती तीन दिवसांवर

काल रात्री टपरीवर विषय निघाला तो बाळ्यामुळे. डोंबिवलीतला आमचा कट्टा, गणपतीला तीन दिवस बाकी, अर्धी गँग बॅगा भरतेय आणि हा चहाचा ग्लास हातात धरून नुसता बसलेला. पोरगं तीन वर्षांचं, परवापासून ताप, काल तळहाता-तळपायाला लाल पुरळ आणि तोंडात फोड, डॉक्टरनी बघताक्षणी सांगितलं हॅन्ड फूट माऊथ. आणि कोकणातल्या तुतारी एक्सप्रेसची तिकिटं 60 दिवस आधी सकाळी 8 च्या ठोक्याला मोबाईल घेऊन बसून काढलेली, कन्फर्म! कोकणातल्या माणसालाच कळेल हे दुःख.

नंद्या म्हणे, "तापाचं औषध पाज एक चमचा आणि चल, कणकवली येईपर्यंत उतरेल."

सच्या मेडिकलच्या काउंटरवर असतो, तो उखडलाच. "एक चमचा म्हणजे किती रे? 5 मिलीत 120 मिलीग्रॅमवाली बाटली पण येते आणि 250 वाली पण येते, डोस पोराच्या वजनावर असतो, चमच्यावर नाही." मग त्याची टेप सुरू झाली. म्हणे सणाच्या आदल्या रात्री शटर ओढताना हमखास कोणीतरी येतं, सर्दी-ताप-खोकल्यावर मिळून एकच काहीतरी द्या, पहाटे निघायचंय. मध्य प्रदेशात छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधाने पोरं गेली, 2025 च्या ऑक्टोबरात केंद्राने पत्रक काढलं की दोन वर्षांखालच्यांना हे द्यायचंच नाही, तरी मागतातच.

भाऊंचं नेहमीचं. "आम्ही गोवर आलेली पोरं घेऊन एसटीने गेलोय, काय झालं?"

"तुम्हाला काय होणार भाऊ, गाडीतल्या बाकीच्यांना विचारलंत का?"

यावर भाऊ सुद्धा हसले. पण मुद्दा बरोबर होता, बाळ्याच्या गावच्या घरात चतुर्थीला वीस माणसं, त्यात सात पोरं, एकाच ताटात जेवणारी, आणि हा आजार थुंकीतून, फोडातल्या पाण्यातून, शीतून पसरतो, नुसतं सॅनिटायझर चोळून भागत नाही, साबणाने हात धुवायला लागतात. तिथे कोण कोणाचे हात धुणार.

बाळ्या एवढा वेळ गप्प होता. मग म्हणाला दुपारी पोराने मोदकासाठी हट्ट धरला म्हणून बायकोने एक करून दिला तर त्याने जीभ लावली आणि किंचाळलं, गुळाचं सारण फोडांना झोंबलं, आता फक्त फ्रीजमधलं दही जातंय ते पण अर्धा-अर्धा चमचा. "माझं जायचं नाही हे ठरलंय रे. आईला काय सांगू? गेल्या वर्षी सुट्टी नाही म्हणून राहिलो. आता पोरगं आजारी म्हटलं की वहिनी म्हणणार, बरं सणालाच आजारी पडतं."

आता खरा वाद पेटला. नंद्या म्हणे सांग तिकीट वेटिंगवर राहिलं, कोण बघायला येतंय. मी म्हटलं खोटं कशाला, आजारी पोराला पण निमित्त समजणारे असतील तर समजू देत. सच्याचं म्हणणं फोटोच पाठव तळहाताचा. भाऊ भडकले, आईला पुरावा पाठवतोस का रे? अर्धा तास हेच, चहाची दुसरी फेरी झाली. माझं मत अजून तेच आहे, ताप दोन-तीन दिवसात जातो, पण हा जो फोन करायचा असतो ना त्याने माणूस जास्त आजारी पडतो.

शेवटी भाऊंनीच दम दिला, लाव आत्ता. बाळ्याने स्पीकरवर लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. पलीकडे जरा वेळ काहीच नाही. मग म्हातारी म्हणते, "बरां झाला सांगितलंस. हय थोरल्याच्या झिलाक पण कालपासून तसलेच फोड इलेत. तुका मुद्दाम सांगूक नाय, मगे तू येवचस नाय म्हणान."