गाडगेबाबांचं सोंग सोपं, कीर्तन अवघड

२३ फेब्रुवारी, बाबांची जयंती आली की आमच्या दर्यापूर-अंजनगाव पट्ट्यात शाळेशाळेत गाडगेबाबा उभे राहतात. बाबांचं जन्मगाव शेंडगाव याच भागातलं, त्यामुळे हौस जरा जास्तच. मीही बाबांचा एकपात्री प्रयोग करतो, म्हणून घरचाच माणूस समजून ऐका. सोंग झकास वठतं, कीर्तन मात्र राहून जातं.

सोंगाला लागतं काय? चिंध्यांचा अंगरखा, डोक्यावर खापर, एका कानात कवडी, दुसऱ्यात फुटक्या बांगडीची काच, हातात खराटा. एन्ट्रीलाच टाळ्या. मग पाठांतर सुरू: "माझा जन्म १८७६ साली झाला..." तेही पुस्तकी मराठीत! गाडगेबाबा अन् पुस्तकी मराठी? पुढे हमखास तो प्रसंग, ऐन कीर्तनात मुलगा गेल्याची बातमी येते तो. बाया डोळ्याला पदर लावतात. शेवटी सरपंच त्याच वेशातल्या माणसाला शाल-श्रीफळ देतात, म्हाताऱ्या पाया पडतात. बाबा कोणाला पाया पडू देत नसत, हे पाच मिनिटांपूर्वीच सांगून झालेलं असतं.

बाबांचं कीर्तन म्हणजे सवाल-जवाब. देव किती, असं विचारायचे. लोक म्हणायचे, एक. मग गावातला खंडोबा, भैरोबा एकेक करून मोजायला लावायचे. लोक आपल्याच उत्तरात अडकायचे अन् हसायचे. स्वतःच्या मुलीच्या बारशाला त्यांनी दारू-मटणाची रीत मोडून गोडाचं जेवण घातलं. मला तो प्रसंग रडवणाऱ्या प्रसंगाहून मोठा वाटतो, पण तो रंगवायचा तर समोर बसलेल्यांनाच त्या बारशाला आलेले भाऊबंद करावं लागतं.

म्हणून माझं म्हणणं, अर्धा प्रयोग लोकांच्या हवाली करा, तोही वऱ्हाडीत. स्क्रिप्ट कोलमडेल, कोलमडू द्या.

कर्ज काढून लग्न करू नका, हे बाबांचं नेहमीचं सांगणं. पूर्णाकाठच्या एका गावात मी तेच धरलं: "मायबापहो, पोरीच्या लग्नासाठी वावर कोणंकोणं इकलं?"

सगळे चिडीचूप. मग एक बुढी म्हणाली, "ह्या बुढ्यानं इकलं ना दोन एकर!"

बुढा उठलाच. "इकलं! अन् बुंदी खायाले सारं गाव आलं होतं, तवा कोनी नाई बोललं!"

मांडव हसला अन् लगेच जुंपली. बँडपासून आहेरापर्यंत सगळं निघालं. आयोजक घड्याळ दाखवत होते. मी खराटा बाजूला ठेवला, ओट्याच्या कडेला बसलो अन् पुढचा सवाल टाकला, "मंग बाप्पा, कर्ज सावकाराचं होतं का सोसायटीचं?"