‘फंक्शन टाका, डेरिव्हेटिव्ह घ्या’ म्हणे!

दिवाळीत आर्वीकडे गावी गेलो, तर इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षातल्या भाच्यानं फॉरवर्ड पुढं केला. “मामा, मंग कॅल्क्युलस काहून शिकाचं?” फॉरवर्डचं म्हणणं असं: ऑटोडिफ (प्रोग्रामनं आपोआप डेरिव्हेटिव्ह, म्हणजे फंक्शनाचा उतार, काढणं) म्हणजे बारीक पाऊल टाकून काढलेला उतार, एआयवाल्यांचा ताजा शोध, फंक्शनात फंक्शन कितीही कोंबा, उत्तर बिनचूक, म्हणून कॅल्क्युलस बंद.

पाऊल-बिऊल काही नसतं. x च्या जागी x+ε ठेवायचा, ε² शून्य मानायचा आणि प्रत्येक क्रियेला चेन रूल (फंक्शनातल्या फंक्शनाचं डेरिव्हेटिव्ह काढायचा नियम) लावत जायचं. शेवटी ε सोबत जो आकडा उरतो, तेच डेरिव्हेटिव्ह. ताजा शोध? यावरचा वेंगर्टचा लेख १९६४ चा आहे. पुढं चला.

‘कितीही कोंबा’ हे मात्र धडधडीत खोटं. y नुसार x+y चं डेरिव्हेटिव्ह y=1 ला काढा, त्याला x नं गुणा, आणि आलेल्याचं x नुसार डेरिव्हेटिव्ह x=1 ला काढा. आतलं डेरिव्हेटिव्ह १, गुणाकार x, उत्तर १. आता एकच ε वापरणारा भोळा प्रोग्राम घ्या: x=1+ε, y=1+ε, बेरीज 2+2ε. आतलं उत्तर तो २ धरतो, बाहेरचंही २ देतो. एरर नाही, काही नाही! सिस्किंड आणि पर्लमटर या संशोधकांनी हा घोळ २००५ मध्येच मांडलाय.

कापूस वेचणीत प्रत्येक बाईचं गाठोडं वेगळं मोजतात, नाहीतर मजुरी कोणाची किती, कळणारच नाही. तशी प्रत्येक ε ला वेगळी खूण लावायची. बरं, तेवढ्यानंही भागत नाही. याच दोघांनी आणखी तिघांसोबत २०१९ मध्ये दाखवलं, की फंक्शननं फंक्शनच परत दिलं तर खूणही फसते. f(x+u) चं u=0 पाशी u नुसार डेरिव्हेटिव्ह काढलं, की f चं डेरिव्हेटिव्ह काढून देणारं फंक्शन हाती येतं. ते दोनदा लावलं तर दुसरं डेरिव्हेटिव्ह यायला हवं, येतं शून्य. कारण खूण एकदाच तयार झाली आणि दोन्ही वेळा तीच वापरली गेली. सोमवारची चिठ्ठी मंगळवारच्या गाठोड्यालाही!

साध्या, सरळ फंक्शनांपुरतं ‘उत्तर बिनचूक’ हे खरं आहे, कबूल. तिथं हातानं डेरिव्हेटिव्ह काढत मीही बसत नाही.

राहिलं कॅल्क्युलस बंद करणं. भाच्याला वरचं गणित खताच्या बिलामागं करायला लावलं. त्याचं १ आलं. मग त्यानंच लॅपटॉपवर ε चा दहा ओळींचा प्रोग्राम लिहिला. प्रोग्रामचं २ आलं. पोट्टा रात्री लाइट जाईपर्यंत त्यातली चूक शोधत होता.