टॅबची जागल

रात्री दहा वाजता १०० टक्के भरलेला टॅब मी कपाटात ठेवतो आणि सकाळी सहा वाजता काढतो तेव्हा तो ७८ टक्क्यांवर आलेला असतो, हे पहिल्यांदा ध्यानात आले त्या दिवशी मी घरात अवाक्षर काढले नाही. कारण रात्रीतून एखादी वस्तू कमी झाली असे म्हटले की आमच्याकडे संशय आधी उंदरावर, मग पुतण्यावर आणि शेवटी माझ्यावर येतो. तिसऱ्या दिवशी मात्र चष्मा लावून तो आकडा सौभाग्यवतींनीच वाचला आणि विचारले, "रातभर हे कोन खाते जी?"

मी आर्वी तालुक्यातल्या एका शाळेत बत्तीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवले. आता निवृत्त आहे, चार एकर शेत आहे आणि त्यात सध्या हरभरा व थोडा गहू उभा आहे. टॅब मुलाने दिवाळीला पुण्याहून आणला, त्यात सिमकार्डही घालून दिले, आणि तेव्हापासून माझा पेपर, सातबारा, बाजारभाव व मुख्य म्हणजे कृषिपंपाची लाईन किती वाजता येणार हे सांगणारा गावाचा ग्रुप, असे सगळे त्या एका काचेत जाऊन बसले आहे. ही काच सकाळी उपाशी राहू नये, एवढीच माझी अपेक्षा होती.

शिक्षकाची खोड म्हणून मी एक जुनी वही काढली, रेघा आखल्या आणि हजेरीपटासारखी नोंद सुरू केली. बॅटरीची क्षमता ७००० मिलीअँपिअर-तास. तिचे २२ टक्के म्हणजे १५४०. ते आठ तासांत गेले, म्हणजे कोणीही वापरत नसताना हे यंत्र रात्रभर सरासरी १९० मिलीअँपिअरचा प्रवाह ओढत होते. लिथियम-आयन बॅटरी नुसती पडून राहिली तर महिन्याकाठी जेमतेम दोन-तीन टक्के उतरते, तेव्हा हा काही तिचा स्वभावदोष नव्हे. पैशांचा प्रश्नच नव्हता, कारण एका युनिटात असा टॅब तीसेक वेळा भरून निघतो. प्रश्न होता तो सकाळी सहा वाजता घरात लाईन असते की नसते, हा. २९२० मेगावॉटचे औष्णिक केंद्र चंद्रपूरला, दुसरे मोठे केंद्र कोराडीला, म्हणजे विजेचे माहेर विदर्भातच. पण माहेरच्या विहिरीचे पाणी माहेरच्यांनाच शेवटी मिळावे, असा काही तरी रिवाज असावा.

तालुक्याच्या ठिकाणी एका मोबाईलवाल्याला टॅब दाखवला. त्याने तो हातात न घेताच बॅटरी बदलावी लागेल असे निदान केले. अडीच महिन्यांच्या टॅबची बॅटरी बदलायची, म्हणजे बारशालाच कवळी बसवण्यासारखे आहे, असे मी म्हटल्यावर त्याने फुकटचा एक उपाय सांगितला: रोज झोपण्यापूर्वी उघडी असलेली सगळी ॲप बोटाने वर सरकवून झाडून टाकायची. मी आठ दिवस अंगण झाडावे तशी ती झाडली. पहिल्या रात्री आकडा ७८, आठव्या रात्री ७७. मुलाला फोनवर सांगितले तेव्हा तो हसला. झाडलेली बरीचशी ॲप पाठमोरे होताच परत येऊन बसतात आणि नव्याने उघडण्याचा खर्च वर पडतो, असे त्याचे म्हणणे. हे मला लगेच पटले, कारण आमच्या अंगणातल्या कोंबड्यांचे तंत्र अगदी हेच आहे.

मुलाने मग स्टँडबाय म्हणजे काय ते समजावले. बाजूचे बटण दाबले की पडदा विझतो, टॅब झोपत नाही. त्याला झोपवण्यासाठी अँड्रॉइडमध्ये २०१५ साली, सहाव्या आवृत्तीपासून, डोझ नावाची सोय आली. डोझ म्हणजे डुलकी. चार्जर काढलेला असावा, पडदा विझलेला असावा आणि यंत्र हलू नये. मग ते हळूहळू गाढ होत जाते, अधूनमधून एक डोळा उघडून साचलेली कामे उरकते, पुन्हा मिटते आणि दोनदा जागे होण्यामधले अंतर वाढवत नेते. माझा टॅब मात्र डुलकी न घेता जागल करत होता.

आमच्याकडे हरभऱ्याला घाटे धरू लागले की रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखायला रात्री मचाणावर जागावे लागते. जागलीवरचा माणूस लांबून झोपलेलाच दिसतो. पण पाचोळा वाजला की तो उठतो, डबा बडवतो, चारी दिशांना बॅटरी मारून पाहतो आणि पुन्हा घोंगडीत शिरतो. आमचा टॅबही अगदी असाच चारी दिशांना बॅटरी मारत होता. फरक इतकाच, की जागल्याची बॅटरी हातात असते आणि याची पोटात.

तो राखत तरी काय होता, हे सेटिंगमधल्या बॅटरी वापराच्या यादीत सापडले. वरच्या चार-पाच नावांमध्येच एक कोंबडीचे चित्र होते. दिवाळीत नातवाने शेती करण्याचा एक खेळ त्यात घालून ठेवला होता आणि पुण्याला जाताना ते शेत माझ्या नावावर करावे तसे मागे सोडून गेला होता. त्याच रात्री मी मुद्दाम टॅब उशाशी घेतला. दोन वाजून दहा मिनिटांनी पडदा लख्ख उजळला आणि त्यावर अक्षरे उमटली: "तुमचा गहू कापणीला आला आहे." माझा खरा गहू त्या वेळी पोटरीलाही लागला नव्हता. नसलेल्या शेतातल्या नसलेल्या गव्हासाठी माझी खरी वीज रात्रभर जळत होती, आणि त्या गव्हाला हमीभाव मागण्याचीही सोय नव्हती.

खेळ काढून टाकतो म्हटल्यावर पुण्याहून रडण्याचा आवाज आला. "आबा, माझ्या गायी उपाशी राहतील!" शेवटी तडजोड झाली: त्या ॲपचा मागच्या दाराने चालणारा वापर बंद करायचा, रात्रीची सूचना बंद करायची आणि दिवसा एकदा आबांनी स्वतः उघडून गायींना चारा घालायचा. दारच्या गायीला गडी चारा घालतो. पडद्यावरच्या गायीला मी घालतो.

त्यानंतर मी विज्ञानाच्या शिक्षकाला शोभेल असा नियम केला, की एका रात्री एकच बदल करायचा, म्हणजे श्रेय कोणाचे ते कळते. खेळाच्या बंदोबस्ताने ७८ चे ८२ झाले. तीन खात्यांचे ऑटो-सिंक, म्हणजे आपोआप नवी माहिती ओढत राहणे, थांबवल्यावर ८४. हवामानाचे एक ॲप मी कोठे आहे हे अष्टौप्रहर विचारत असे, त्याला ॲप उघडे असतानाच लोकेशन मिळेल असे बजावले. वाय-फाय बंद केले तरी लोकेशनच्या सेटिंगमध्ये आत कोठे तरी वाय-फाय आणि ब्लूटूथ हुडकत राहण्याची परवानगी वेगळीच चालू असते, तीही काढली, आणि आकडा ८५ झाला. आमच्या गावात मी कोठे आहे हे सांगायला उपग्रह लागत नाही. पारावर कोणीही सांगतो.

अजून १५ टक्क्यांची गळती होतीच. आमच्या गड्याचा बटणांचा फोन एकदा भरला की आठवड्याच्या बाजारापर्यंत चालतो आणि तो रोज सकाळी माझ्या वहीत डोकावून "गुरुजी, आज किती मार्क पडले?" असे विचारत असे. वर्गात पोरांना हा प्रश्न मी किती सहज विचारत होतो, हे मला निवृत्तीनंतर कळले.

मग एका रात्री पुतण्याकडे जेवायला जायचे म्हणून टॅब खिडकीत तसाच राहिला. सकाळी आकडा ९४. मी त्या दिवशी एकही बदल केला नव्हता. वहीत शेऱ्याच्या रकान्यात "कारण अज्ञात" असे लिहिले आणि दिवसभर अस्वस्थ राहिलो. दुसऱ्या रात्री टॅब पुन्हा कपाटात गेला, सकाळी पुन्हा ८५. तेव्हा कोठे माझी नजर टॅबवरून उठून कपाटावर गेली.

आमचे कपाट लग्नातले आहे, जाड पत्र्याचे, आणि त्यात दागिने, खरेदीखत, जनगणनेच्या कामाची माझी प्रमाणपत्रे व आता टॅब, अशा मौल्यवान वस्तू कुलपात असतात. टॅब तिथे ठेवण्याचा आदेश सौभाग्यवतींचा: "पोरं घेऊन पयतील." मी टॅब आत ठेवला, दार लावले आणि त्याच्या सिमच्या नंबरावर त्यांच्या फोनवरून फोन लावला. आपण संपर्क करत असलेली व्यक्ती नेटवर्क क्षेत्राच्या बाहेर आहे, असे एका बाईने अतिशय नम्रपणे सांगितले. ती व्यक्ती माझ्यापासून दीड हातावर, शालूच्या घडीवर पडलेली होती.

चारी बाजूंनी लोखंड असले की रेडिओ लहरी आत येताना मार खातात, हा धडा मी स्वतः शिकवलेला आहे. आमच्या घरात मुळातच टॉवरची एक दांडी दिसते. कपाटात तीही जात असे. रेंज गेली म्हणून यंत्र गप्प बसत नाही, ते टॉवर शोधत राहते. क्षीण रेंज हाती लागली, तर तिथपर्यंत पोचायला आपला आवाज चढवते. घरात ऐकू येईना म्हणून जसे आपण धुऱ्यावर उभे राहून पलीकडच्या शेतातल्या माणसाला हाक मारतो, तसा माझा टॅब बंद कपाटातून रात्रभर टॉवरला हाका मारत होता, आणि मी बाहेर शांतपणे घोरत होतो. घरातल्या सर्वांत सुरक्षित जागेतच चोरी होत होती.

टॅब बाहेर ठेवण्याला घरातून मंजुरी मिळाली नाही. तेव्हा विमान मोड लावला. त्यात सिमचा रेडिओच बंद होतो, म्हणजे शोधायलाही कोणी नाही आणि हाक मारायलाही कोणी नाही. आर्वीला विमान कशाला, असे विचारून सौभाग्यवतींनी कपाटाला कुलूप घातले.

सकाळी ९७. मी तो आकडा वहीत लाल शाईने लिहिला. या बॅटरीच्या शोधासाठी २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल तिघांना विभागून मिळाले, त्यांतले गुडइनफ त्या वेळी ९७ वर्षांचे होते, हे मला तेव्हा आठवले आणि चहा पिताना मी ते घरात मोठ्याने सांगितले. कोणी ऐकले नाही. गड्याला मार्क दाखवावे म्हणून मी ऐटीत विमान मोड काढला. पहिली सूचना नातवाच्या खेळाची आली: "तुमच्या पिकाला पाणी हवे आहे." तिच्याखाली ग्रुपवरचा रात्री अकराचा निरोप होता: आज लाईनची वेळ बदलली असून रात्री बारा ते सकाळी आठ अशी राहील. त्याखाली बावीस जणांचे अंगठे होते.

घड्याळात पावणेसात झाले होते. ओलिताच्या तिसऱ्या वाफ्यापासून पुढचा हरभरा कोरडा होता, गडी अजून यायचा होता आणि मोटारीच्या पेटीची किल्ली कपाटात होती.

"किती उरली जी?" आतून प्रश्न आला. सत्त्याण्णव टक्के, असे सांगत मी फावडे उचलले. "बॅटरी नाई म्हनत मी," त्या किल्ली शोधत म्हणाल्या, "लाईन किती उरली?"