शिस्त म्हणे शिस्त!

चीनमध्ये हांगझोऊला येऊन आता दीड वर्ष होईल, तरी घरच्या ग्रुपवर अजून तोच प्रश्न येतो, "काय रे, तिकडे सगळे सायकलवर ना?" आणि पाठोपाठ काकांचा ठरलेला डायलॉग, "शिस्त आहे बाबा त्यांच्यात, आपल्याकडे कुठली." आज ऑफिसमधून येताना एक इ-बाइक पोटरीला घासून गेली, तेव्हा म्हटलं आता लिहूनच टाकू.

एकतर आपल्या डोक्यात तो जो फोटो आहे ना, एकसारखे कपडे आणि काळ्या सायकलींचा पूर, तो जुना झाला. आता रस्त्यावर पूर आहे तो इ-बाइकचा. इथल्या बऱ्याच शहरांनी पेट्रोलच्या मोटरसायकलींना शहरात बंदी घातली, मग ज्याला पेडल मारायचा कंटाळा आणि कार परवडत नाही ते सगळं पब्लिक इकडे वळलं. कागदोपत्री ही सायकलच बरं का, २०१९च्या नियमाने (२०२५ मध्ये तो बदलला) तिला पेडल लागायचंच, वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आणि वजन बॅटरीसकट ५५ किलोच्या आत. ते पेडल मारताना मी आजवर एक माणूस पाहिलेला नाही.

आणि आवाज शून्य! पुण्यात मागून काय येतंय, रिक्षा की बुलेट की पीएमटी, हे मान न वळवता सांगायची आपल्याला सवय, इथे ते कान कामाचेच नाहीत. पहिल्याच आठवड्यात मी फुटपाथ समजून आरामात चाललो होतो, तो निघाला सायकलींचा लेन. करकचून ब्रेक लागला म्हणून वळून बघतो तर वीतभर अंतरावर एक बाई, थंडीचे दिवस म्हणून गाडीला पुढून गुलाबी फुलाफुलांची गोधडी बांधलेली (खरंच गोधडीच असते ती, जाडजूड, त्यात हात खुपसून हँडल धरायचं), आणि मागे शाळेचं पोरगं मला बघून हसतंय. बाईंनी मला यथेच्छ झापलं, त्यातलं मला फक्त "शियाओशिन" कळलं, म्हणजे जपून. सूर अगदी आमच्या आजीचा.

आता शिस्तीचं. काका, इथेही लोक राँग साइडने येतात, खुशाल येतात. एका हातात मोबाइल असतो. जेवण पोचवणारी पोरं तर विचारू नका, ऑर्डरची मिनिटं ॲपमध्ये उलटी मोजली जात असतात, ती कुठल्या फटीतून निघतील सांगता येत नाही. हेल्मेट घालतात, पण तेही आमच्या इथल्या झेच्यांग प्रांताने जुलै २०२० पासून इ-बाइकला सक्तीचं केलं तेव्हापासून. हेल्मेटच्या विरोधात मोर्चे काढणाऱ्या गावचा असल्याने मी यावर जास्त बोलत नाही.

एक मात्र मान्य, झेब्रा क्रॉसिंगवर या शहरात गाड्या थांबतात. पहिल्यांदा माझ्यासाठी कार थांबली तेव्हा मला वाटलं याला पत्ता विचारायचाय, म्हणून मीही थांबलो, दोघं एकमेकांकडे बघत उभे. नंतर ऑफिसातल्या एकाने हसत हसत सांगितलं, कॅमेरा आहे, दंड बसतो.

खरा फरक आहे तो त्या सायकलींच्या लेनमध्ये. मोठ्या रस्त्यावर दोन रिक्षा शेजारी शेजारी जातील एवढा रुंद लेन, आणि कार आणि त्याच्या मध्ये पट्टा नाही, रेलिंग असतं नाहीतर झाडांची रांग. कारवाल्याच्या मनात आलं तरी घुसता येत नाही! आपल्याकडे सायकल ट्रॅक म्हणजे लाल रंग, त्यावर विजेचा डीपी, त्याला टेकून पाणीपुरीची गाडी आणि उरलेल्या जागेत कोणाची तरी ॲक्टिव्हा, आणि वर सायकल कोणी चालवत नाही म्हणून बोंब.

बाकी सायकलीचं कौतुक इथे एकेकाळी आपल्यासारखंच होतं. ऑफिसातल्या त्याच मित्राचे वडील सांगत होते, लग्न ठरवताना मुलीकडचे "तीन फिरणाऱ्या आणि एक वाजणारी" वस्तू बघायचे, म्हणजे घड्याळ, सायकल, शिलाई मशीन आणि रेडिओ. मी म्हटलं, काका, आमच्याकडे घड्याळ, सायकल, रेडिओ हेच तर मागायचे, फक्त मागायचे मुलाकडचे. त्यांची फिनिक्स कंपनीची सायकल अजून जिन्याखाली आहे, कुलूप लावून. चालवत कोणीच नाही.

ॲपवाल्या रंगीबेरंगी सायकलींचं वेड तर तुम्हीपण पाहिलंय, २०१८च्या सुमाराला पुण्यातही आल्या आणि गेल्या. मला आवडतात त्या इथल्या सरकारी लाल सायकली. मे २००८ मध्ये ६१ स्टँड आणि २,८०० सायकलींवर सुरू झालेली स्कीम, आता जिकडेतिकडे आहेत. पहिला तास फुकट! म्हणून रविवारी बेइशान रोडने तळ्याच्या कडेकडेने जायचं, वर झाडांची कमान, आणि पन्नासाव्या मिनिटाला स्टँड शोधून सायकल जमा करून लगेच दुसरी काढायची. एक आजोबा नेहमी हेच करताना दिसतात, आता आम्ही एकमेकांना मान डोलावतो.

गेल्या रविवारी स्टँड फुल्ल होता, पुढचा सापडेपर्यंत तास उलटला आणि एक युआन गेला. घरच्या काकांना अजून सांगितलेलं नाही.