जोशी, चार

कोथरूडमधल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेली पिठाची गिरणी गेल्या दिवाळीनंतर बंद झाली. थालीपिठाची भाजणी आता कुठून दळून आणायची, या चिंतेत आई असतानाच गिरणीच्या भिंतींना पांढरा रंग लागला, दारात कुंड्या आल्या आणि बंगळुरू पद्धतीच्या नाश्त्याचे एक उपाहारगृह तिथे थाटामाटात सुरू झाले. बंगळुरूमध्ये १९८०च्या दशकात ‘दर्शिनी’ नावाचा प्रकार रुजला. उंच टेबलाशी उभे राहायचे, दहा मिनिटांत इडली-कॉफी उरकायची आणि कामाला लागायचे, एवढाच त्यामागचा विचार. घाईतल्या माणसासाठी निघालेली ही सोय आमच्या गल्लीत पोहोचेपर्यंत तिला खुर्च्या फुटल्या, खुर्च्यांमुळे लोक बसून राहू लागले, आणि बसलेल्यांमुळे बाकीच्यांना बाहेर दीड तास उभे राहावे लागू लागले.

हे आम्हांला ठाऊक नव्हते. ठाऊक होते ते एवढेच, की मुलीने मोबाइलवर तिथल्या डोशावर लोण्याचा गोळा वितळतानाचे चित्रण पाहिले होते आणि त्यानंतर आठवडाभर घरातल्या पोह्यांकडे ती परक्या नजरेने पाहत होती. रविवारी सकाळी सव्वाआठला आम्ही निघालो तेव्हा बायकोने उपम्यासाठी रवा भाजून ठेवलेला होता. “लागला तर असू दे,” ती म्हणाली. संसारात पंचवीस वर्षे काढलेल्या माणसाने या वाक्यातली सूचना ओळखायला हवी होती.

दारात एक तरुण व्यवस्थापक वही घेऊन उभा होता. मी “जोशी, चार” असे सांगितले आणि त्याने ते लिहून घेतले. तो पुण्यात नवा असावा, कारण कोथरूडमध्ये आडनाव लिहून घेणे म्हणजे गर्दीतल्या माणसाची ओळख ‘दोन डोळे, एक नाक’ अशी नोंदवण्यासारखे आहे, हे त्याला अजून कळलेले नव्हते. पाऊण तासाने त्याने “जोशी, चार!” असा पुकारा केला, तेव्हा फुटपाथवरची पाच कुटुंबे एकदम उठली. त्यांतल्या एका कुटुंबात सहा माणसे होती. परंतु लहान मुलांना मांडीवर घेऊ, अशी त्यांची तयारी होती.

गोंधळलेल्या त्या मुलाने मग पुण्यात सहसा कोणी उघड्यावर विचारू नये असा प्रश्न विचारला. “कुठले जोशी?”

“मूळचे गुहागरचे,” एक वयोवृद्ध गृहस्थ पुढे होऊन म्हणाले, “पण आजोबा वाईला आले.” दुसऱ्यांनी गोत्र सांगितले. तिसरे जोशी गुहागरच्या जोशींना “तुमच्यातले एक आमच्या आत्याच्या नात्यात पडतात” असे म्हणाले आणि नाते उलगडण्यात दोघेही इतके रमले, की त्यांचा क्रमांक गेलेला त्यांना कळलासुद्धा नाही. व्यवस्थापकाने शेवटी वहीत खुणा करायला सुरुवात केली. मी मान उंचावून पाहिले, तर ‘जोशी चष्मा’, ‘जोशी निळा शर्ट’ आणि त्याखाली, माझ्याकडे एक कटाक्ष टाकून लिहिलेले, ‘जोशी टक्कल’ असे होते. त्यानंतर मी क्रमांक चुकण्याची भीती बाळगली नाही.

पावणेदहाला आम्हांला टेबल मिळाले, म्हणजे अर्धे मिळाले. उरलेल्या अर्ध्यावर एक जोडपे कॉफी पीत होते आणि आमच्याकडे न पाहण्याचा प्रयत्न करीत होते. आपण नुकतेच ज्यांच्या खुर्चीमागे आशाळभूतपणे उभे होतो, त्यांच्याच समोर बसून आपण सुसंस्कृत आहोत असे दाखवणे फार कठीण जाते.

आई मूळची मिरजेची असल्यामुळे तिला थोडेफार कानडी येते. भिंतीवरच्या फलकावरचे पदार्थ तिने एकेक करून सोलायला घेतले. तट्टे इडली म्हणजे ताटलीत केलेली इडली. पोडी म्हणजे आपली पूड, चटणीची. बेण्णे म्हणजे लोणी. “मग लोणी डोसा म्हणा की सरळ,” ती म्हणाली, आणि पाणी घेऊन आलेल्या मुलाकडे वळून तिने मोठ्या मायेने “बिसी नीरु कोडप्पा” असे गरम पाणी मागितले. तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. “आजी, मी नांदेडचा आहे,” तो म्हणाला. यानंतर दोघांमध्ये जो जिव्हाळा निर्माण झाला, तो आमच्या वाट्याला त्या सकाळी आलेला एकमेव विनामूल्य पदार्थ ठरेल असे मला वाटले होते. तसे झाले नाही. पण ते पुढे येईलच.

डोसे यायला आणखी अर्धा तास लागला. दावणगेरेचा हा डोसा आकाराने लहान, जाडसर, बाहेरून कुरकुरीत आणि आतून जाळीदार असतो. त्याच्या पिठात तांदूळ आणि उडीद डाळीच्या जोडीला चुरमुरे वाटून घालतात. सोबत पातळ पांढरी खोबऱ्याची चटणी आणि बटाट्याची फिकी भाजी. डोशावर लिंबाएवढा लोण्याचा गोळा होता आणि तो खरोखरच एका अंगाने विरघळून उताराच्या दिशेने सरकत होता. मी घास तोडणार, एवढ्यात मुलगी ओरडली, “कोणी हात लावायचा नाही!” मग तिने तो गोळा समोरून टिपला, वरून टिपला, आजीच्या चेहऱ्यासह टिपला. प्रकाश नीट नव्हता म्हणून ताटली खिडकीपाशी गेली आणि परत आली. तोवर गोळ्याने सरकणे थांबवले होते आणि ताटलीच्या कडेला ओघळलेल्या लोण्यावर मेणबत्तीच्या मेणासारखी पांढरट साय धरली होती.

बायकोने सांबार मागितले. नांदेडचा तो मुलगा गंभीर झाला. “बेण्णे डोशाबरोबर सांबार नसतं, मॅडम.”

“पण इडलीबरोबर आहे ना? त्यातलंच द्या.”

“ते इडलीचं आहे.”

पुण्यात आजवर आम्ही नियम सांगत आलो. दुपारी एक ते चार काय मिळणार नाही, जिन्यात पादत्राणे कुठे काढायची, घंटी किती वेळा वाजवायची, हे सारे आम्ही इतरांना पाटीवर लिहून कळवलेले आहे. आमच्याच गल्लीत, आमच्याच गिरणीच्या जागेत, बाहेरगावच्या माणसाने आम्हांला नियम सांगावा, आणि तो नियम दावणगेरेच्या रिवाजाला धरून असल्यामुळे त्यावर वादही घालता येऊ नये, हा प्रसंग बायकोला फार लागला. तिने डोसा चटणीबरोबर संपवला, परंतु निषेध म्हणून बटाट्याच्या भाजीला स्पर्श केला नाही.

आई मात्र दुसऱ्या घासालाच थांबली. “अरे, हा तर आपल्या कोपऱ्यावरच्या गाडीवरचा दावणगिरी!” ती म्हणाली. तिचे म्हणणे खरे होते. ‘दावणगिरी लोणी स्पंज डोसा’ अशी लाल अक्षरे मिरवणारी ती हातगाडी आमच्या बसथांब्यामागे कित्येक वर्षे उभी आहे, आणि तिथे हाच डोसा ६० रुपयांना, पाच मिनिटांत, कोणाचेही मूळ गाव न विचारता मिळतो. येथे त्याची किंमत १६० रुपये होती. आईच्या आवाजाला वय लागलेले नसल्यामुळे हा शोध शेजारच्या तीन टेबलांनाही लागला आणि निळ्या शर्टाच्या जोशींनी हातातला घास पुन्हा एकदा निरखून पाहिला.

डोसा चांगला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. दोन तास उपाशी राहिलेल्या माणसाची साक्ष कितपत ग्राह्य धरायची, ते वाचकांनी ठरवावे.

चार डोसे, एक तट्टे इडली आणि चार फिल्टर कॉफी मिळून ९७० रुपये झाले, त्यावर पाच टक्के जीएसटी. मी पाकिटाला हात घालणार, इतक्यात व्यवस्थापक वाकून हळूच म्हणाला, “सर, ऑनलाइन पाच तारे आणि दोन ओळी लिहिल्या, तर एक कॉफी आमच्याकडून.” कॉफी ६० रुपयांची होती. माझे मत एवढ्या स्वस्तात विकले जाईल असे मला तरुणपणी कधी वाटले नव्हते. तरी मी ‘अस्सल चव, तत्पर सेवा, सहकुटुंब अवश्य भेट द्या’ असे लिहिले. ‘तत्पर’ लिहिताना अंगठा किंचित अडखळला. घरी पोहोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते आणि मुलगी विचारत होती, की जेवायला काय आहे. बायकोने न बोलता भाजलेल्या रव्याचा डबा पुढे ओढला.

पुढच्या रविवारी दुपारी जिन्यात आमच्या सोसायटीचे सचिव भेटले. आमच्या स्वयंपाकघराचे छत गेल्या पावसाळ्यापासून गळते आहे आणि वरच्या मजल्यावरचे काम मंजूर करून घेण्यासाठी मी त्यांना तीन अर्ज दिले आहेत. त्यांच्या मागे त्यांची पत्नी, सासूबाई आणि दोन दमलेली नातवंडे होती. सचिवांच्या सदऱ्यावर, खिशाच्या किंचित खाली, लोण्याचा डाग होता.

“तुमचा अभिप्राय वाचून गेलो होतो,” ते म्हणाले. “पावणेदोन तास.”

मी काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडले.

“बाकी, तुमच्या छताचं बघू,” पायऱ्या चढता चढता ते म्हणाले, “सवडीने.”